सर्व संबंधितांस कळविण्यात येते की

सत्र संपत आलं की कॉलेजात सूचनांचा मोसम सुरू होतो. पुण्यात तो वर्षातून दोनदा येतो, एकदा दिवाळीच्या आगेमागे आणि एकदा एप्रिलच्या उन्हात. एरवी आठवड्याला एखाददुसरी निघणारी नोटीस आता दिवसाला तीन-तीन निघते. अंतर्गत गुण भरा, जर्नल तपासून द्या, हजेरी कमी भरलेल्या डिफॉल्टर विद्यार्थ्यांची यादी लावा, अभ्यासक्रम पूर्ण झाल्याचा अहवाल द्या, ग्रंथालयाची पुस्तकं परत करा, डेडस्टॉक (टेबल-खुर्च्या, उपकरणं अशा कायम वस्तूंची नोंद) जुळवा, परीक्षेच्या ड्यूट्या बघून घ्या, रजेचे अर्ज टाका, जाताना पंखे बंद करा. शिपाईमामा नोटिशीचं रजिस्टर काखेत मारून स्टाफरूममध्ये येतात. चहाचा कप डाव्या हातात धरून पहिला सही करतो, दुसरा त्याच्याखाली करतो, तिसरा पहिल्या दोघांच्या सह्या बघून करतो. मजकूर कोणी वाचला, हे फक्त मामांना माहीत असतं, आणि ते सांगत नाहीत.

सही झाली म्हणजे सूचना पोचली असं कार्यालय धरून चालतं. त्यांचंही चुकत नाही, कारण यातल्या बऱ्याचशा सूचना मुळात निघतात त्या उद्या ‘आम्ही कळवलं होतं’ असं म्हणता यावं म्हणून. त्यामुळेच त्यांचा बांधा तसा असतो. वर जावक क्रमांक, मग दिनांक, मग विषय, मग संदर्भ क्रमांक एक ते चार, मग ‘उपरोक्त विषयास अनुसरून’, मग कोणत्या बैठकीत कोणता ठराव झाला ते, आणि शेवटून दुसऱ्या ओळीत ती तारीख, जिच्यासाठी एवढा कागद खर्ची पडला. ऑडिटला कागद लागतो, कॉलेजांना श्रेणी देणाऱ्या नॅकला कागद लागतो, विद्यापीठाला दाखवायला कागद लागतो. संदर्भ काढून टाका असं कोणी म्हणणार नाही. पण पहिल्या दोन ओळींत काम काय, कुणी करायचं, केव्हापर्यंत आणि नेऊन कुणाला द्यायचं एवढं लिहिलं आणि बाकीचा दरबारी मजकूर खाली ढकलला, तर ऑडिटरचं काही बिघडत नाही. ‘अंतर्गत गुण पोर्टलवर भरणे, विषयशिक्षकांनी, बुधवार दुपारी ४ पर्यंत, सही केलेली छापील प्रत परीक्षा विभागात खिडकी क्रमांक २ वर.’ एवढं उभ्या उभ्या वाचून होतं. सर्व संबंधितांनी योग्य ती कार्यवाही करावी म्हटलं की मात्र प्रत्येकाला वाटतं, संबंधित म्हणजे शेजारच्या टेबलावरचे.

तारखेचं एक निराळंच राजकारण असतं. विद्यापीठाने गुण भरायला शुक्रवारपर्यंत मुदत दिली की कॉलेज ती बुधवार करतं आणि विभागप्रमुख मंगळवार. हेतू चांगला असतो. पोर्टल मध्यरात्रीपर्यंत उघडं असलं, तरी चुकून लॉक झालेला विषय उघडून देणारा परीक्षा विभागातला माणूस संध्याकाळी घरी गेलेला असतो. शेवटच्या संध्याकाळी सगळ्या जिल्ह्याचे शिक्षक एकदम लॉग-इन करतात, पान फिरत राहतं आणि ओटीपी येतो तो मुदत संपल्यावर. पण तारीख दोन दिवस अलीकडे ओढलेली आहे हे एकदा कळलं की कोणी मंगळवार मानत नाही, बुधवारही मानत नाही. त्यापेक्षा दोन्ही तारखा उघड छापाव्यात. कॉलेजची बुधवार, विद्यापीठाची शुक्रवार, आणि मधले दोन दिवस दुरुस्तीसाठी आहेत असं स्पष्ट. कारण सांगितलं की माणसं बऱ्यापैकी ऐकतात, प्राध्यापकसुद्धा.

आणि गुण भरण्याची सूचना म्हणजे केवळ ‘भरावेत’ नव्हे. सगळ्या सत्रात सर्वांत महागात पडणाऱ्या चुका इथेच होतात, आणि त्या ठरलेल्या असतात. अनुपस्थित विद्यार्थ्यापुढे शून्य टाकणं ही पहिली. शून्य म्हणजे बसला आणि काही आलं नाही. अनुपस्थित म्हणजे बसलाच नाही. दोघांचे पुढचे रस्ते वेगळे. रकाना रिकामा ठेवणं त्याहून वाईट, कारण मग निकालच अडकतो आणि जूनमध्ये तो विद्यार्थी आईला घेऊन ऑफिसच्या खिडकीशी उभा राहतो. दुसरी चूक गुणांच्या पटीची. अंतर्गत ३० आणि विद्यापीठाची परीक्षा ७० अशी वाटणी असते, पण चाचणी घेतलेली असते २० ची किंवा ५० ची, आणि रूपांतर करायचं राहून जातं. २० पैकी १८ मिळवणारी मुलगी ३० पैकी १८ वर येते. बेरीज बरोबर दिसत असल्यामुळे ते कुणाच्या लक्षातही येत नाही.

तिसरी चूक खास एक्सेलची. आपली यादी हजेरीपटाच्या क्रमाने असते, पोर्टलची आसन क्रमांकाच्या किंवा पीआरएनच्या, म्हणजे विद्यापीठाच्या कायम नोंदणी क्रमांकाच्या. मधेच प्रवेश रद्द केलेला एक विद्यार्थी आपल्याकडे वगळलेला असतो, तिकडे शाबूत असतो. रकाना उचलून चिकटवला की त्या विद्यार्थ्यापासून खाली सगळ्यांचे गुण एकेक घर सरकतात, आणि तिथून पुढच्या अख्ख्या वर्गाला शेजाऱ्याचे मार्क मिळतात. उपाय सोपा आहे. सुरुवातीचा, मधला आणि शेवटचा असे तीन विद्यार्थी घेऊन त्यांचे गुण हातातल्या कागदाशी ताडून पाहायचे. शेवटचा जुळला की बहुतेक वेळा मधलेही जुळलेले असतात. चौथी गोष्ट म्हणजे ‘सेव्ह’ केलं म्हणजे काम झालं असं नसतं. ‘कन्फर्म’ केल्याशिवाय गुण पुढे जात नाहीत, आणि कन्फर्म केल्यावर ते परत हातात येत नाहीत, त्यासाठी प्राचार्यांच्या सहीचं पत्र लागतं. म्हणून छापील प्रत काढून तपासायची ती कन्फर्मच्या आधी. या चार ओळी सूचनेच्या मागच्या पानावर छापल्या, तर परीक्षा विभागातल्या निम्म्या खेपा वाचतील. पण मागचं पान कोरं ठेवण्याची आपल्याकडे परंपरा आहे.

परीक्षेच्या ड्यूट्यांबद्दल थोडक्यात. पेपरच्या आधी अर्धा तास हजर राहायचं, ड्यूटी बदलायची तर बदलीचं नाव लेखी द्यायचं, आणि पुरवणीचा हिशेब ब्लॉक, म्हणजे परीक्षेचा वर्ग, सोडण्याआधी जुळवायचा. प्रश्नपत्रिका आता ऑनलाइन येते आणि कॉलेजातच छापावी लागते, तेव्हा झेरॉक्स मशीनचा टोनर आदल्या दिवशी बघा, असं एक वाक्य प्रत्येक सूचनेत हवं. ते नसतं. उन्हाळी सत्र लांबलं तर जूनमध्ये पालख्या येतात. ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या शहरात शिरतात त्या दिवशी संचेती चौकापासून फर्ग्युसन रस्ता आणि पुढे लक्ष्मी रस्ता असा सगळा मार्ग वारकऱ्यांचा असतो. त्या दिवशी दुपारच्या सत्रात पेपर ठेवणाऱ्याने वेळापत्रक करताना भिंतीवरच्या कालनिर्णयकडे एकदा मान वर करून बघायला हरकत नव्हती, असं दर काही वर्षांनी म्हणावं लागतं.

सुट्टीच्या सूचनेत एक वाक्य हमखास असतं. ‘परीक्षेच्या कामाच्या अधीन राहून.’ त्याला कारण आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ प्रमाणे परीक्षा संपल्यापासून ३० दिवसांत, आणि फार झालं तर ४५ दिवसांत निकाल लागला पाहिजे. म्हणजे मे महिन्यात कोणीतरी कॅप सेंटरला, म्हणजे मध्यवर्ती तपासणी केंद्रावर, बसून उत्तरपत्रिका तपासणारच. ज्यांना असं सुट्टीत थांबवून ठेवलं जातं, त्यांना बुडालेल्या सुट्टीच्या प्रमाणात अर्जित रजा मिळते. पण ती मिळते लेखी आदेशावर. कॉरिडॉरमध्ये गाठून ‘सर, तेवढं जरा थांबाल ना?’ असं म्हटलेलं सेवापुस्तकात चढत नाही. नावं, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, काम कोणतं, एवढं असलेला अर्ध्या पानाचा आदेश सुट्टी लागण्यापूर्वी निघाला पाहिजे. मागाहून जुनी तारीख घालून काढलेल्या आदेशावर आस्थापना विभागातला जुना कारकून बरोबर बोट ठेवतो. जावक रजिस्टरमध्ये त्या दिवशी जागाच शिल्लक नसते.

हे सगळं पूर्णवेळ मंडळींचं झालं. तासिका तत्त्वावरच्या, म्हणजे घेतलेल्या तासांपुरता मोबदला मिळणाऱ्या, शिक्षकांना यातलं निम्मं कळतच नाही. सकाळी दोन तास कर्वे रस्त्यावर, दुपारी दोन तास हडपसरला. रजिस्टर फिरतं तेव्हा ते पीएमपीच्या बसमध्ये उभे असतात. स्टाफच्या ग्रुपवर त्यांचा नंबर कधी असतो, कधी नसतो. त्यांच्यासाठी खरं महत्त्वाचं पत्र एकच असतं, तासिकांचं बिल कोणत्या तारखेपर्यंत, कोणत्या नमुन्यात, विभागप्रमुखांची सही घेऊन कुठे द्यायचं याचं. तारीख हुकली की बिल पुढच्या हप्त्यात जातं, आणि मधे आख्खी सुट्टी असते. त्यांचे गुण मात्र सर्वांच्या आधी मागितले जातात. तेव्हा हे एक पत्र तरी नावानिशी, त्यांच्या फोनवर, स्वतंत्र पाठवायला हवं. ‘सर्व’ या शब्दात त्यांना धरून चालू नये.

इमारत बंद करण्याची सूचना सगळ्यांत छोटी असते आणि सगळ्यांत जास्त नुकसान तीच करते. ‘सर्व विद्युत उपकरणे बंद करावीत.’ वाचायला शहाणपणाचं वाटतं. सुरक्षारक्षक प्रामाणिक असतो, तो मजल्याचा मेन स्विचच खाली करतो. मग सूक्ष्मजीवशास्त्राच्या डीप फ्रीझरमध्ये वर्षानुवर्षं जपलेली कल्चर्स तीन आठवड्यांत संपतात, आणि दार उघडल्यावर जो वास येतो त्याचं वर्णन इथे नको. संगणक प्रयोगशाळेतल्या यूपीएसच्या लेड-अ‍ॅसिड बॅटऱ्या महिनाभर चार्जिंगविना पडून राहिल्या की त्यांच्या प्लेटांवर सल्फेट बसतं; उघडल्यावर त्या पाच मिनिटं टिकतात आणि मान टाकतात. सूचनेत काय बंद करायचं याच्याइतकीच काय चालू ठेवायचं याची यादी हवी, आणि त्या स्विचवर लाल चिकटपट्टी. प्रत्येक प्रयोगशाळेतला अटेंडंट ही यादी तोंडपाठ सांगेल. त्याला विचारायचं तेवढं राहून जातं.

नळांचं प्रकरण तर अस्सल पुणेरी. पाइपलाइन नि पंपिंगच्या कामासाठी पाणी बंद ठेवायचा आपल्याकडचा वार बहुधा गुरुवार, आणि ‘शुक्रवारी सकाळी उशिरा व कमी दाबाने पाणीपुरवठा होईल’ हे वाक्य आपल्याला पाठ आहे. सत्राचा शेवटचा दिवस असा गुरुवारी आला आणि टाकीही कोरडी पडली, की रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत कोणीतरी नळ फिरवून बघतो, पाणी येत नाही, तो तसाच उघडा सोडून हात रुमालाला पुसून घरी जातो. सिंकच्या जाळीत फिल्टर पेपरचे बोळे असतातच. शुक्रवारी पाणी येतं, टाकी भरते, आणि खालच्या मजल्यावरच्या ग्रंथालयाला त्याची पहिली बातमी लागते. म्हणून नळ हाताने पिळून बघा, जाळ्या साफ करा, मजल्याचा व्हॉल्व्ह बंद करा, आणि गॅसचा मुख्य कॉक बंद केल्यावर बर्नर पेटवून खात्री करा, हे सगळं सूचनेत यायला हवं. पहारेकऱ्याकडे टॉर्चबरोबर एक यादीही द्यावी.

सूचना पोचते कशी, याचंही थोडं. पुणं हे मराठी फॉन्टचं एका अर्थी माहेर. १९८८ साली इथे सी-डॅक ही सरकारी संगणक संशोधन संस्था सुरू झाली, श्री-लिपी हे फॉन्टचं सॉफ्टवेअरही इथलंच. त्याची किंमत अशी की कार्यालयातल्या जुन्या संगणकावर त्या काळच्या फॉन्टात टाइप केलेली सूचना अजूनही जशीच्या तशी मेलवर येते, आणि त्या फॉन्टविना उघडली की इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसते. त्या फॉन्टमध्ये मराठी आकार इंग्रजी अक्षरांच्या घरांत बसवलेले असतात, एवढंच त्याचं कारण. युनिकोडमध्ये टाइप करा, नाहीतर पीडीएफ करून पाठवा. व्हॉट्सअ‍ॅपवर सही-शिक्क्याच्या कागदाचा तिरका फोटो टाकायचा तर वर एका ओळीत मजकूर टाइप करावा, म्हणजे पंधरा दिवसांनी शोधता येतो. आणि ग्रुपवर फक्त अ‍ॅडमिनला लिहिता येईल अशी सोय करावी. पन्नास ‘नोटेड सर’ आणि त्यांत मिसळलेले दोन वाढदिवस यांच्याखाली गेलेली मुदत वर काढणं कुणाच्याने होत नाही.

राहता राहिलं शुद्धिपत्रक. सत्राच्या शेवटी ते निघतंच. वेळापत्रक बदलतं, मुदत वाढते, वार आणि तारीख एकमेकांशी जुळत नाहीत हे सकाळी फळा बघून कुणीतरी सांगतं. चांगल्या शुद्धिपत्रकात तीन गोष्टी असतात. आधी काय छापलं होतं, आता काय वाचावं, आणि कोणत्या जावक क्रमांकाची सूचना रद्द समजावी. ‘तारखेत बदल झाला आहे, नोंद घ्यावी’ एवढंच लिहिलं की दोन्ही कागद शेजारी शेजारी राहतात आणि ज्याला जो सोयीचा तो खरा धरला जातो. नवा कागद लावताना जुना टाचणीसकट काढायचा, हे काम मामांचं. पण तसं त्यांना सांगावं लागतं, कारण सही-शिक्क्याचा कागद आपण होऊन काढायची जोखीम ते घेत नाहीत. जिन्याजवळच्या फळ्यावर एक, मुलींच्या कॉमन रूमबाहेर एक आणि ग्रंथालयाच्या दारावर एक, अशा तीन जागी तो असतो. तिसरी जागा नेहमी विसरते.