तुम्ही विचारलंत म्हणून: 'नेकेड गन'चा दुसरा भाग खरंच फिका आहे का?

'नेकेड गन' म्हणजे पोलिसी सिनेमांची टर उडवणारी अमेरिकी विनोदी चित्रपटमाला, आणि तिचा नायक फ्रँक ड्रेबिन हा धांदरट पोलीस अधिकारी. दुसऱ्या भागाबद्दलचा हा प्रश्न सतत विचारला जातो, आणि बहुतेक वेळा दोन उलट मतं सोबत घेऊनच येतो. एकाच्या मते 'द नेकेड गन २½: द स्मेल ऑफ फिअर' म्हणजे शिळ्या कढीला आणलेला ऊत. दुसऱ्याच्या मते तिन्ही भागांत सगळ्यात जास्त हसवणारा हाच. माझं मत सांगतो: गोष्ट म्हणून दुसरा भाग सैल आहे, विनोदाची कारागिरी मात्र पहिल्याच्या तोडीची आहे. लोकांची मतं फाटतात ती बरीचशी बघण्याच्या पद्धतीमुळे.

मुळापासून बघू. डेव्हिड झकर, जेरी झकर आणि जिम एब्रहॅम्स या तिघांनी १९८२ मध्ये एबीसी वाहिनीसाठी 'पोलीस स्क्वॉड!' ही मालिका केली. भाग फक्त सहा. चार दाखवून ती बंद केली गेली, उरलेले दोन उन्हाळ्यात उरकले. वाहिनीच्या प्रमुखांनी तेव्हा दिलेलं कारण प्रसिद्ध आहे: ही मालिका आवडायला ती नीट बघावी लागते. ते खरंच होतं. भागाचं नाव पडद्यावर एक दिसायचं आणि निवेदक दुसरंच सांगायचा. सुरुवातीच्या नामावलीत ज्या पाहुण्या कलाकाराची ओळख करून दिली जायची, तो तिथेच मारला जायचा. भाजी चिरता चिरता ऐकणाऱ्याला यातलं काहीच मिळत नव्हतं. अंधारात, मोठ्या पडद्यासमोर, दीड तास जागचा न हलणारा प्रेक्षक या विनोदाला हवा होता. १९८८ मध्ये याच मालिकेवरून 'नेकेड गन'चा पहिला सिनेमा आला आणि तो प्रेक्षक मिळाला. जून १९९१ मध्ये दुसरा भाग आला. दिग्दर्शन पुन्हा डेव्हिड झकरचं, लेखन त्याचं आणि पॅट प्रॉफ्टचं, लांबी जेमतेम ८५ मिनिटं.

यात हसू कुठून येतं, ते कळल्याशिवाय दुसऱ्या भागाला मार्क देता येणार नाहीत. लेस्ली नील्सन मूळचा गंभीर नट. १९५६ मधला 'फॉरबिडन प्लॅनेट', १९७२ मधला 'द पोसायडन ॲडव्हेंचर', अशी त्याची कामं. 'एअरप्लेन!'मध्ये (१९८०) झकर मंडळींनी त्याला घेतलं ते याच चेहऱ्यासाठी. त्याने साकारलेल्या फ्रँक ड्रेबिनला आपण विनोदी आहोत हे कधीच माहीत नसतं. तो डोळा मारत नाही, स्वतःच्या वाक्यावर हसत नाही, समोरची वस्तू पडली तरी आवाज चढवत नाही. या मंडळींचा एक पक्का नियम होता: एकाच वेळी दोन विनोद नकोत. मागे काही कोसळत असेल तर पुढच्या नटाने अगदी सरळ बोलायचं, आणि पुढचा नट वेडगळ वाक्य बोलत असेल तर मागची चौकट शांत ठेवायची. दोन्ही एकदम केलं की प्रेक्षकाची नजर दुभंगते आणि दोन्ही फुकट जातात. पोलिसी विडंबनाचे कितीतरी प्रयत्न याच एका ठिकाणी फसतात. नट चेहरे करायला लागतो आणि सगळं ओसरतं.

दुसऱ्या भागाची सुरुवात या कसोटीवर लावून बघा. व्हाइट हाउसमध्ये जेवण आहे, हजारावा अमली पदार्थांचा विक्रेता मारल्याबद्दल फ्रँकचा सत्कार आहे. फ्रँक मनापासून खुलासा करतो की शेवटचे काही जण गाडी मागे घेताना चुकून खाली आले, नशिबाने ते विक्रेतेच निघाले. त्याच प्रसंगात राष्ट्राध्यक्षांच्या पत्नीला दाराचे तडाखे बसतात. वाक्याचा विनोद आणि दाराचा विनोद वेगवेगळ्या क्षणी ठेवलेत, एकमेकांवर चढवलेले नाहीत. माझ्या मते हा प्रसंग पहिल्या भागातल्या कुठल्याही प्रसंगाच्या बरोबरीने बसतो.

शेवटाकडे आणखी एक नमुना आहे. आधी फ्रँक रणगाडा घेऊन प्राणिसंग्रहालयाच्या भिंतीतून आरपार जातो आणि प्राणी मोकाट सुटतात. आपण हसतो, विसरतो. शेवटी खलनायक हॅप्सबर्ग खिडकीतून खाली पडतो, खालच्या कापडी छपरावर आपटून वाचतो, आणि समोर सिंह. पेरणी आणि कापणी यांच्यात इतकं अंतर ठेवायला धीर लागतो. घाईचा लेखक दोन मिनिटांत सिंह आणून मोकळा झाला असता आणि तो फक्त अपघात वाटला असता. बॉम्बचंही तसंच: घड्याळ उलटं चाललंय, सगळे घामाघूम, आणि फ्रँक वायरीत पाय अडकून पडतो, प्लग निघतो, बॉम्ब बंद. थरारपटात आपण हा प्रसंग शंभरदा श्वास रोखून पाहिलेला असतो, म्हणूनच प्लग पुरतो.

मग सैल काय आहे? पहिल्या भागात फ्रँक आणि जेनचं प्रेम जुळतं. दुसऱ्यात ती त्याला सोडून गेलेली असते आणि सगळं पहिल्या पायरीपासून पुन्हा चढावं लागतं. प्रेक्षकाला जिना ओळखीचा असतो. जेन झालेली प्रिसिला प्रेस्ली उत्तम साथ देते, पण मधली वीसेक मिनिटं जड होतात ती यामुळे. दुसरं कारण, फ्रँक आता अनोळखी नाही. तो खोलीत शिरला की काय फुटेल याचा अंदाज आपण आधीच बांधतो, आणि अंदाज खरा ठरला की हसू अर्धं होतं. सीक्वेलचं हे जुनं दुखणं आहे. उपाय एकच: अपेक्षित वस्तू न फोडता भलतीच फोडणं. लेखकांनी तो बऱ्याचदा केलाय, दर वेळी नाही. तिसरं, कथानकात तेल, कोळसा आणि अणुऊर्जा यांचे हितसंबंध, ऊर्जाधोरण ठरवणारा शास्त्रज्ञ आणि त्याचा तोतया आहे. रिचर्ड ग्रिफिथ्सने दोन्ही भूमिका छान केल्यात. पण अखेरच्या भाषणात सिनेमा थोडा उपदेशाकडे झुकतो आणि तिथे विनोदाचा वेग पडतो.

आजच्या प्रेक्षकाचे काही विनोद हुकतात, त्याच्या किल्ल्या देऊन ठेवतो. कुंभाराच्या चाकाचा प्रसंग आणि तेच चित्र असलेलं पोस्टर हे १९९० च्या 'घोस्ट'चं विडंबन आहे. 'घोस्ट'चा दिग्दर्शक जेरी झकर, म्हणजे थट्टा घरातलीच. उदास बारच्या भिंतीवर टायटॅनिक जहाज, हिंडेनबर्ग हवाई जहाज अशा आपत्तींच्या तसबिरींमध्ये मायकेल डुकाकिस दिसतो. १९८८ ची अध्यक्षीय निवडणूक तो थोरल्या जॉर्ज बुश यांच्याकडून हरला होता. हे माहीत नसेल तर ती भिंत म्हणजे नुसती भिंत.

एक गोष्ट टाळून चालणार नाही. फ्रँकचा सहकारी नॉर्डबर्ग झालेला ओ. जे. सिम्पसन १९९४ मध्ये दुहेरी खुनाचा आरोपी झाला. १९९५ मध्ये फौजदारी खटल्यात तो निर्दोष सुटला, १९९७ मध्ये दिवाणी दाव्यात त्याला जबाबदार धरलं गेलं. अनेकांना त्याचे प्रसंग आता हसत बघवत नाहीत, आणि ते मत पूर्ण रास्त आहे. कारागिरीची चर्चा त्यावरचा तोडगा होऊ शकत नाही.

आता बघायचं कसं. पहिला आणि दुसरा भाग एकाच रात्री लागोपाठ लावू नका. 'फिका आहे' हे मत सगळ्यात जास्त इथेच तयार होतं, कारण तासाभरात कान बधिर होतात आणि नील्सनची लय पाठ होते. मध्ये आठवडा जाऊ द्या. शक्य असेल तर आधी मालिकेचे सहा भाग बघा, एकेक जेमतेम पंचवीस मिनिटांचा. इंग्रजी झेपत असेल तर सबटायटल बंद ठेवा. प्रश्न आणि उत्तर एकाच पट्टीत उमटतात, उत्तर आपण आधी वाचतो आणि नटाने घेतलेला थांबा वाया जातो. जुन्या चौकोनी टीव्हीसाठी कडा कापलेली प्रत असेल तर नाकारा. हा सिनेमा रुंद चौकटीचा आहे आणि मागचे विनोद कडेला ठेवण्याची या मंडळींना सवय. फोनवर तर तसबिरींची भिंत वाचताच येत नाही.

शब्दांवरच्या कोट्यांचंही तेच. मालिकेत 'सिगारेट?' असं म्हणून ती पुढे केल्यावर 'हो, माहीत आहे' असं उत्तर येतं. ही कोटी मराठीतही जशीच्या तशी चालते, कारण ती प्रश्नाच्या सुरावर उभी आहे. इंग्रजी शब्दाच्या दुहेरी अर्थावर उभ्या असलेल्या कोट्या मात्र डबिंगमध्ये मरतात. डब केलेली प्रत बघून 'संवाद पाणचट आहेत' असं मत दिलं असेल, तर मूळ प्रत बघून ते एकदा तपासा.

तिकीटबारी कौल देईल असं वाटत असेल तर आकडे हे: अमेरिकेत पहिल्याने सुमारे ७ कोटी ९० लाख डॉलर कमावले, दुसऱ्याने सुमारे ८ कोटी ७० लाख, तिसऱ्याने (१९९४) सुमारे ५ कोटी १० लाख. दुसऱ्याची गर्दी पहिल्याच्या पुण्याईवर आली, असं मी मानतो. त्यावरून दर्जा ठरत नाही. त्यापेक्षा दोन्ही भागांतली कुठलीही पाच मिनिटं निवडा, हसू आलं तिथे एक रेघ मारा, हसू यायला हवं होतं पण आलं नाही तिथे फुली. मग फुल्यांजवळ परत जा आणि बघा: संदर्भ हुकला, थांबा कमी पडला, की अंदाज आधीच आला होता? तिन्हीची औषधं वेगळी आहेत, आणि पहिलं तर तुमच्याच हातात आहे.

दुसऱ्यांदा बघाल तेव्हा फ्रँककडे बघूच नका. तो बोलत असताना त्याच्या मागची माणसं, दारं, भिंती आणि फलक बघा.