लपलेल्या नियमाचे खेळ : आषाढापासून कोजागरीपर्यंतची नोंद

लपलेल्या नियमाच्या खेळांची मांडणी अगदी साधी असते. राज्य घेणारा मनात एक नियम धरतो, बाकीचे एकेक उदाहरण पुढे ठेवतात, तो केवळ 'चालते' किंवा 'चालत नाही' एवढेच सांगतो आणि त्या उत्तरांवरून मंडळींनी नियम ओळखायचा असतो. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या आमच्या घरी रविवारी संध्याकाळी जमणाऱ्या मंडळींबरोबर हे खेळ खेळताना यंदाच्या पावसाळ्यात काही बदल केले, त्यांची ही नोंद. नियम अवघड केल्याने खेळ रंगत नाही, 'चालत नाही' या उत्तराला किंमत आली की रंगतो, असे माझे मत या काळात पक्के झाले.

आषाढात सुरुवात शब्दांच्या खेळाने केली. 'ग्रीन ग्लास डोअर' या नावाने इंग्रजीत खेळला जाणारा खेळ अनेकांना ठाऊक असेल. ज्या शब्दात एकच अक्षर लागोपाठ दोनदा येते तोच शब्द त्या दारातून आत जातो, आणि नावातल्या तिन्ही शब्दांतच गुपित उघडे ठेवलेले असते. मराठी लेखनाची घडण वेगळी असल्याने तो नियम उचलून आणण्यात अर्थ नव्हता. म्हणून मी जोडाक्षराचा नियम घेतला आणि त्याला जिल्ह्याच्या सहलीचे रूप दिले. "आपण सहलीला निघालो आहोत. पन्हाळा चालतो, रंकाळा चालत नाही. तुम्ही कुठे येणार?" एवढ्यावर खेळ सुरू होतो.

ही जोडी मुद्दाम निवडलेली आहे, कारण एक डोंगरावरचे ठिकाण आणि दुसरा तलाव, त्यामुळे पहिला अंदाज आपोआप तिकडे वळतो. शेजारच्या काकांनी लगेच "कळंबा?" असे विचारले, उत्तर आले, चालत नाही. मग त्यांनी "कात्यायनीची टेकडी?" असे विचारले, चालते. काकांची खात्री पटली की डोंगर चालतात आणि तलाव चालत नाहीत. तेवढ्यात कोणताही अंदाज न बांधलेल्या, सहावीत शिकणाऱ्या पुतणीने "महाद्वार रोड?" असे विचारले आणि तो चालतो म्हटल्यावर सगळेच गोंधळले, पाठोपाठ विशाळगड चालत नाही असे कळले, तेव्हा डोंगराचा अंदाज पुरता मोडला. काकांची दोन्ही उदाहरणे त्यांच्या अंदाजाच्या आतलीच होती आणि दोन्ही उत्तरे त्यांना हवी तशीच आली, तरी नियमाबद्दल त्यांना नवे काहीच कळले नव्हते.

ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ पीटर वेसन यांनी 1960 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात नेमके हेच दिसले होते. त्यांनी २-४-६ हे त्रिकूट देऊन त्यामागचा नियम ओळखायला सांगितले. बहुतेकांनी ८-१०-१२ सारखी, आपल्या अंदाजात बसणारीच त्रिकुटे मांडली, 'बरोबर' हे उत्तर मिळवले आणि दोन-दोनने वाढणाऱ्या संख्यांचा नियम जाहीर केला. खरा नियम केवळ चढत्या क्रमाच्या संख्या, एवढाच होता. १-२-५० हे त्रिकूट विचारले असते तर तो चटकन लक्षात आला असता. म्हणून श्रावणापासून आमच्याकडे असा दंडक आहे की प्रत्येकाने आपल्या पाळीत अधूनमधून एक तरी उदाहरण असे ठेवायचे, की जे स्वतःच्या अंदाजाप्रमाणे चालू नये. ते चाललेच, तर एका उत्तरात जेवढे कळते तेवढे होकारांच्या रांगेतूनही कळत नाही.

जोडाक्षराचा नियम वापरू इच्छिणाऱ्यांसाठी एक सावधगिरीची सूचना. हा नियम लिहिण्यावर चालवायचा की ऐकण्यावर, हे राज्य घेणाऱ्याने आधीच ठरवले पाहिजे. रंकाळा आणि पंचगंगा लिहिताना अनुस्वार येतो, जोडाक्षर येत नाही, पण उच्चारात तिथे अनुनासिक व्यंजन पुढच्या व्यंजनाला जोडूनच येते, आणि कानाने विचार करणारा खेळाडू तिथे हक्काने भांडू शकतो. जोतिबा तर मी पूर्णपणे वगळतो, कारण तो जोतिबा आणि ज्योतिबा असा दोन्ही प्रकारे लिहिलेला आढळतो. खाण्याच्या आणि वस्तूंच्या शब्दांत ही अडचण कमी येते : रस्सा चालतो, मिसळ चालत नाही; चप्पल चालते, गूळ चालत नाही; कट्टा चालतो, तालीम चालत नाही.

श्रावणातला दुसरा बदल मला सर्वांत मोलाचा वाटतो आणि तो झेंडो या खेळावरून घेतला आहे. कोरी हीथ यांच्या या खेळात छोट्या पिरॅमिडांच्या रचना मांडतात, आणि राज्य घेणारा आरंभीच नियमात बसणारी एक व न बसणारी एक रचना समोर ठेवतो. आम्ही पिरॅमिडांऐवजी काडेपेटीच्या काड्या, बाटल्यांची बुचे आणि जुन्या बांगड्या वापरतो. खेळाडूला वाटले तर तो आपली रचना थेट तपासून न घेता सर्वांपुढे प्रश्न म्हणून ठेवू शकतो. मग प्रत्येक जण ती बसते की नाही याचे उत्तर मुठीत लपवतो आणि सगळे एकदम मुठी उघडतात. आमच्याकडे मुठीत चिंचोका असेल तर 'चालते', मूठ रिकामी असेल तर 'चालत नाही'. ज्याचे उत्तर बरोबर, त्याला एक चिंचोका बक्षीस मिळतो, आणि नियम जाहीर करण्याचा हक्क असा चिंचोका मोडूनच मिळतो. त्यामुळे वाटेल तसे अंदाज ओरडणे आपोआप थांबते.

याहूनही महत्त्वाचे असे की जाहीर केलेला नियम चुकला, तर राज्य घेणाऱ्याला नुसते 'चूक' म्हणून सुटता येत नाही. जाहीर झालेला नियम आणि खरा नियम जिथे वेगळे पडतात, अशी एक रचना त्याला स्वतः करून दाखवावी लागते. एकदा मी 'काड्यांची संख्या सम असावी' हा नियम धरला होता आणि आत्याने "कोणतीच काडी दुसरीला शिवू नये" असे जाहीर केले. मी एकमेकींना शिवणाऱ्या दोन काड्या मांडल्या आणि ही रचना चालते असे सांगितले. आत्या त्या दोन काड्यांकडे बराच वेळ पाहत राहिल्या आणि पुढच्याच पाळीत त्यांनी नियम ओळखला. चुकीच्या अंदाजाच्या बदल्यात खेळाडूच्या हाती ठोस काही पडते, म्हणून कोणी हिरमुसत नाही.

गणपतीच्या दिवसांत पाहुण्यांच्या वर्दळीमुळे फारसे खेळणे झाले नाही.

कोजागरीला गच्चीवर मसाला दूध आटेपर्यंत मोठा घोळका जमला होता, आणि तिथे नेहमीचा पेच उभा राहिला : नियम ओळखलेल्यांनी काय करायचे? ते हसत बसले की बाकीच्यांना आपण वगळले गेलो असे वाटते, आणि हा मला या खेळांचा खरा दोष वाटतो. यावरचा उपाय रॉबर्ट ॲबट यांच्या एल्युसिस या पत्त्यांच्या खेळात सापडतो. त्यांनी तो 1956 साली रचला आणि मार्टिन गार्डनर यांनी 1959 मध्ये 'सायंटिफिक अमेरिकन'मधल्या आपल्या सदरातून तो सर्वदूर पोहोचवला. 1977 मध्ये त्याच सदरात आलेल्या सुधारित रूपात, नियम उमगला असे वाटणारा खेळाडू 'प्रॉफेट' होतो आणि राज्य घेणाऱ्याच्या वतीने इतरांच्या पत्त्यांचा निवाडा करू लागतो. निवाडा चुकला तर त्याचे पद जाते आणि दंडही बसतो. आम्ही हीच पद्धत शब्दांच्या खेळात आणली : ज्याला उमगले त्याने पुढच्या उदाहरणांना उत्तरे द्यायची, मी फक्त मान हलवायची, आणि त्याचे उत्तर चुकले की त्याच्यावर भेंडी चढून तो परत घोळक्यात. ओळखणारेही शेवटपर्यंत कामात राहिले आणि उत्तरे देताना अर्धवट उमगलेला नियम लगेच उघडा पडला.

दिवाळीच्या सुट्टीत एल्युसिस संपूर्ण नियमांनी, पत्त्यांचे दोन जोड घेऊन खेळायचा बेत आहे. त्यात बसलेले पत्ते एका आडव्या ओळीत राहतात आणि न बसलेले त्यांच्याखाली तसेच उघडे ठेवतात, म्हणजे प्रत्येक नकार डोळ्यांसमोर राहतो. आरंभीचा नियम ठरला आहे : आधीचा पत्ता विषम असेल तर पुढचा काळा, सम असेल तर पुढचा लाल. गुलाम, राणी आणि राजा यांना अनुक्रमे ११, १२ आणि १३ धरायचे, आणि राज्य घेणाऱ्याने नियम चिठ्ठीवर लिहून ती वाटीखाली ठेवायची, जेणेकरून मध्येच वाद झाला तर निवाडा चिठ्ठीवरूनच करता येईल.