अँबॅसेडरच्या दाराचं पॅड उतरवताना

वडिलांची अँबॅसेडर मार्क टू. ड्रायव्हरच्या बाजूची काच निम्मी वर यायची आणि धपकन खाली बसायची. काच वर-खाली करणारं विंडो मशीन बघायचं तर आधी दाराचं आतलं पॅड उतरवणं आलं.

हे पॅड म्हणजे हार्डबोर्डवर चढवलेलं रेक्झिन, तेही पन्नास वर्षांचं. मागच्या दाराला पूर्वी एका मेकॅनिकनं स्क्रू ड्रायव्हर घालून हिसका दिला होता. बोर्डाचा तुकडा अजून तिथल्या, पॅड दाराला धरून ठेवणाऱ्या चापाला चिकटलेला आहे. ते बघून मी अख्खा रविवार मोकळा ठेवला.

सगळी मेख हँडलमध्ये. काचेच्या हँडलला स्क्रू दिसतच नाही. बुडाशी जी गोल चकती आहे ती दोन्ही अंगठ्यांनी पॅडकडे दाबली, की मागची स्प्रिंग दबते आणि आरपार घातलेली बारीक पिन डोकावते. हे एकट्याचं काम नाही. बायकोनं चकती दाबून धरली, मी टोक घासलेल्या खिळ्यानं पिन ठोकली. हलेना. गंजावर तेल सोडून चहा घेतला, मग दुसऱ्या टोल्याला निघाली. खाली पंचा अंथरला होता म्हणून सापडली.

चाप काढायला पुट्टीची रुंद पट्टी फडकं गुंडाळून वापरली. पट्टी थेट चापाच्या शेजारी सरकवायची, मधेच उचकटलं की बोर्ड फाटतो.

पॅड निघालं आणि खरा आजार दिसला. खालची कड चहात बुडवलेल्या बिस्किटासारखी फुगलेली. काचेवरून ओघळणारं पावसाचं पाणी दारात उतरतंच, ते जायला तळाशी भोकं असतात. ती चिखलानं बुजली होती आणि आतला प्लास्टिकचा कागद कधीच गायब झालेला. सायकलचा आरा घालून भोकं मोकळी केली, तर कपभर गढूळ पाणी आलं. पत्रा अजून सडला नव्हता, याचं फार बरं वाटलं.

मशीनचे दात झिजले होते, जुन्या बाजारात दुसरं मिळालं.

जुनं पॅड फर्मा म्हणून ठेवून नवा हार्डबोर्ड कापला. पाठीला, कडांना आणि भोकांच्या आतूनही वॉर्निश दिलं. नव्या प्लास्टिकची खालची कड दाराच्या आत खोचली, म्हणजे पाणी पॅडवर न येता आतच उतरेल. पिन परत ठोकण्याआधी काच पूर्ण वर घेतली आणि डाव्या दाराचं हँडल ज्या कोनात उभं होतं, त्याच कोनात हेही बसवलं.