परस अपडेट : मे अखेर, लाकडांचा ढीग आणि पोरांचं क्रिकेट

वांगी-मिरचीचं यावेळी राहू दे, भेंडी तर संपतच आली, सगळा वेळ मागच्या अंगणात गेलाय. आमचं घर गोव्यात प्रियोळला, मागे कुळागर (पोफळी-नारळाची बाग), बाजूला चिऱ्यांचा गडगा (दगडी कुंपण), म्हणजे जनावर, अर्थात साप, येणार का हा प्रश्नच नाही, ती आमच्या आधीपासून इथेच राहतात. त्यात सुट्टीला बहिणीची पोरं मडगावहून आलीयत, शेजारची फौज धरून दिवसभर क्रिकेट, आणि बॉल जातो कुठे? बरोब्बर लाकडांच्या ढिगात, नाहीतर सोडणांच्या (नारळाच्या सालांच्या) ढिगात.

आपल्याकडे मे महिन्यात पावसाळ्याची बेगमी म्हणून लाकडं, सोडणं, सुकी चुडतं (नारळाच्या झावळ्या) सगळं घराच्या भिंतीला टेकवून रचतात. त्याच्या खाली उंदीर, उंदरामागे धामण, नाग, घोणस. पाली आणि लहान सापांमागे मण्यार. म्हणजे सापाला नाही, उंदराला हाकलायचं आहे, हे एकदा डोक्यात बसलं की अर्धं काम कळतं. तरी येणारा-जाणारा प्रत्येकजण कार्बोलिक शिंपडा, डांबराच्या गोळ्या टाका, गवती चहा लावा असलं काहीतरी सुचवून जातोच. गवती चहा खुशाल लावा, चहा छान होतो. पण कार्बोलिकच्या भरवशावर राहायचं नाही, त्याने साप अडत नाही आणि पोराच्या अंगावर सांडलं तर कातडी भाजते, आणि डांबराची गोळी लहान पोरं सरळ तोंडात घालतात, ते वेगळंच विष. आपण बुवा यातलं काहीच ठेवत नाही.

तर यावेळचं मुख्य काम म्हणजे लाकडांचा माच. उभे चिरे, त्यावर जुने जीआय पाईप आडवे, जमिनीपासून सव्वा फूट उंच, आणि भिंतीपासून हातभर सुटा. खाली वाकलं की पलीकडचा उजेड आरपार दिसला पाहिजे, हीच परीक्षा. पिचच्या दुसऱ्या टोकाला, घराच्या पलीकडच्या बाजूला नेलाय. सोडणं गोठ्याच्या माळ्यावर गेली. कोंबड्यांचं धान्य पत्र्याच्या डब्यात, आणि खुराड्याखाली सांडलेलं रोज संध्याकाळी झाडून काढायचं, हे काम आईने स्वतःकडे घेतलं म्हणून नियमित होतंय.

गडग्याचं काय करायचं यावर घरात बरीच चर्चा झाली. बाबांचं म्हणणं सगळ्या फटी सिमेंटने लिंपून टाक. मला ते पटलं नाही, बेडूक, पाली, सापसुरळ्या सगळ्यांची ती चाळ आहे, आणि कुळागराच्या कडेने तो गडगा लांबच लांब गेलाय, कुठवर लिंपणार. शेवटी फक्त पिचला लागून असलेला तुकडा लिंपला आणि त्याच्यासमोर दोन-अडीच मीटरचा पट्टा गवत अगदी बारीक कापून मोकळा केला. पलीकडचा कोपरा मुद्दाम तसाच रान ठेवलाय. कुळागरात मात्र पोफळीच्या मुळाशी पाचोळा लागतोच, पाटाचं पाणी असतं, बेडूक असतात, तिथे पोरांना चपलेशिवाय आणि मोठ्या माणसाशिवाय एंट्री नाही.

नियम पोरांना सांगून काही होत नाही, खेळातच घालावे लागतात. आता झाडीत बॉल गेला की बॅट्समन आऊट, विषय संपला. आपोआप सगळे जमिनीवरून सरळ मारायला लागले. गेलाच तर हात घालायचा नाही, आंबे काढायचा झेला आहे त्याने बॉल ओढायचा. भाच्याचा त्यात एवढा हात बसलाय की आता मुद्दाम बॉल घालवतो असा मला संशय आहे. जास्वंदीच्या कुंपणाचे खालचे दोन फूट छाटले, कारण हिरवा चापडा (झाडावरचा विषारी साप) फांदीवर तासन्‌तास हलत नाही आणि पोराचा हात नेमका त्याच उंचीला जातो. दिवेलागणीला खेळ बंद, आणि बाहेर ठेवलेले बूट आपटल्याशिवाय पाय घालायचा नाही.

विंचवासाठी मस्त खेळ सापडलाय. यूव्ही टॉर्च घेऊन रात्री गडग्यावर मारला की विंचू हिरवट निळा चमकतो, अगदी रेडियमच्या काट्यासारखा. लिंपलेल्या तुकड्यावर काही नाही, पण नळाजवळच्या चिऱ्याच्या बेचक्यात एक चमकला, नांगी वर करून, पाठीवर पांढरी पिल्लं. पिल्लं मात्र चमकत नव्हती, पहिली कात टाकेपर्यंत ती चमकत नाहीत. पोरं लांबून बघत बसली, कुणी ओरडलंसुद्धा नाही.

न्हाणीच्या मोरीत कवड्या (बिनविषारी साप) निघाला, तेव्हा शेजारच्या काकी मण्यार मण्यार करत धावत आल्या. कवड्याचे पट्टे मानेपासूनच ठळक आणि शेपटीकडे पुसट, मण्यारीचे सुरुवातीला पुसट आणि मागे स्पष्ट, हे मी सांगतोय ते तुम्हाला, पोरांना नाही. पोरांना एकच शिकवलंय : दिसलं की मागे सरकायचं, मोठ्याला हाक मारायची, पट्टे मोजत बसायचं नाही.

फ्रीजवर कागद लावलाय. चावलं तर आवळून बांधायचं नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही, हातपाय न हलवता झोपवून १०८, मोठं हॉस्पिटल म्हणजे बांबोळीचं जीएमसी (गोवा मेडिकल कॉलेज). मण्यारीच्या दंशाला सूज जवळजवळ नसते, रात्री झोपेत चावली तर कळतही नाही, म्हणून पोर सकाळी पोट दुखतंय म्हणालं आणि पापण्या जड दिसल्या तर वाट बघायची नाही. आणखी एक, प्रतिविषाचा डोस मुलांना मोठ्यांएवढाच देतात, कारण साप विष काही वजन बघून सोडत नाही. डॉक्टरांनी तेवढ्या बाटल्या लावल्या की नातेवाईक उगाच घाबरतात. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर ते चालतं, चापड्यावर नाही.

राहिलेलं काम : मोरीच्या तोंडाला बारीक जाळी, आणि चवथीला गणपतीच्या वर टांगायच्या माटोळीचं (रानफळं-फुलांचं) सामान आणायला पोरं रानात घुसणारच, तेव्हा त्यांच्या मापाचे गमबूट मिळतात का ते शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात बघतो.