विषाणूला त्यातून मिळतं काय?

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा रिपोर्ट हातात पडला की पेशंटचा मुलगा नाहीतर नवरा हमखास विचारतो, "मॅडम, विषाणूमुळे झालं म्हणता, पण त्या विषाणूला यातून मिळतं काय?" तुम्हीही तेच विचारलंत म्हणून लिहिते.

काहीच नाही. एचपीव्हीला, म्हणजे या कर्करोगामागच्या ह्युमन पॅपिलोमा व्हायरसला, कर्करोग नको असतो, स्वतःच्या डीएनएच्या प्रती हव्या असतात. त्या काढायची सामग्री पेशीकडे, आणि पेशी ती बाहेर काढते फक्त विभागायच्या वेळी. गर्भाशयमुखाच्या अस्तरात तळाच्या पेशी विभागतात, वर सरकल्या की थांबतात, चपट्या होतात, गळून पडतात. विषाणूला प्रती काढायच्या असतात त्या नेमक्या या थांबलेल्या पेशींत.

म्हणून तो ई-७ सोडतो. अवघं शंभरेक अमिनो आम्लांचं प्रथिन. आपल्या पेशीत आरबी हे प्रथिन, डीएनएची नक्कल सुरू करून देणाऱ्या ई-२एफ या प्रथिनाला धरून बसलेलं असतं. ई-७ आरबीला बिलगतं, ई-२एफ सुटतं आणि डीएनएची नक्कल सुरू होते. पेशीला हे कळतं बरं का! पेशीवर पहारा ठेवणारं प्रथिन, पी-५३, जागं होतं. एरवी त्याने अशा पेशीला रोखलं असतं किंवा मरायला लावलं असतं. पण विषाणूचं दुसरं प्रथिन, ई-६, पेशीतलंच एक एन्झाइम फितवून पी-५३वर 'मोडीत काढा' अशी खूण करून घेतं, आणि पेशीचीच कचरा मोडणारी यंत्रणा त्याचे तुकडे करते. इतकी वर्षं हे काम करतेय, तरी या घरभेदीपणाने अजून अंगावर काटा येतो.

स्लाइडवर तो दिसतोही. पी-१६ची तपासणी लावली की असा भाग गडद तपकिरी होतो. पी-१६ म्हणजे आरबीला बळ देणारा ब्रेक. आरबीच निकामी झाल्यामुळे पेशी तो वाढवतच नेते. सायकलचा ब्रेक गच्च दाबलाय, पण तार तुटलेली.

बहुतेक जणींचं शरीर हा संसर्ग एक-दोन वर्षांत दडपून टाकतं. (आणि नवऱ्यांनो, हा विषाणू इतका सर्रास आढळतो की त्यावरून बायकोच्या चारित्र्याचा हिशोब मांडू नका.) थोड्या जणींमध्ये तो वर्षानुवर्षं टिकतो. मग कधीतरी त्याचा डीएनए तुटून आपल्या गुणसूत्रात अडकतो. त्यात बरेचदा विषाणूचा ई-२ हा जनुक मोडतो, आणि ई-६, ई-७ला आवर घालणारा तोच असतो. आता ती दोन्ही मोकाट सुटतात, पण त्या तुटक्या डीएनएतून अख्खा विषाणू काही तयार होत नाही. त्याचाही वंश तिथेच खुंटतो.

१९५१ मध्ये अमेरिकेत बाल्टिमोरला हेन्रिएटा लॅक्स या पेशंटच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतून घेतलेल्या हेला पेशी आजही जगभरच्या प्रयोगशाळांत वाढताहेत. त्यांत एचपीव्ही-१८ या प्रकाराच्या डीएनएचा असाच तुकडा अडकलेला आहे. कित्येक दशकांनी संशोधकांनी त्या पेशींत ई-२ परत घातलं. ई-६, ई-७ गप्प झाली, आरबी आणि पी-५३ पुन्हा कामाला लागले, आणि पेशी विभागायच्या थांबल्या.