सेंट जॉन: मे महिन्यातली नदी

अमेरिकेच्या मेन राज्यात, पार उत्तरेच्या जंगलात सेंट जॉन नदीवर कनू, म्हणजे वल्ह्याची लांबट होडी, घालायची तर मे महिनाच गाठावा लागतो. नदीवरचं बर्फ फुटून गेलेलं असतं आणि जंगलातलं वितळलेलं पाणी उतरत असतं. जून सरता सरता दगड वर येतात; मग मोठा पाऊस पडला तरच. कोलाडला आपण राफ्टिंग करतो ते सकाळी वरून सोडलेल्या पाण्यावर. इथे पाणी सोडणारं कुणी नाही. त्यामुळे दादा, म्हणजे माझा मावसभाऊ, निघण्याआधी रोज डिकी या नदीकाठच्या गावातल्या प्रवाहमापकाचे आकडे शेअरच्या भावासारखे बघत होता.

बेकर लेकपासून वल्हवायला लागलो. मागे दादा, पुढे मी. पाणी असं गार की पोहता येतं म्हणून बढाई मारण्यात अर्थ नाही. आम्ही दोघंही ड्रायसूटमध्ये, म्हणजे पाणी आत न शिरू देणाऱ्या पोशाखात. काठावरच्या झाडांची नदीकडची साल माझ्या डोक्याच्याही वर सोललेली होती. पुरातल्या बर्फाच्या लाद्यांनी केलेलं काम.

या खरवडण्यावरच एक रोपटं जगतं: फर्बिश लाउसवर्ट. वनस्पतींची चित्रं काढणाऱ्या केट फर्बिश यांना ते १८८० मध्ये सापडलं. पुढे ते नामशेष झालं असंच धरून चालले होते. सावली करणारी झुडपं बर्फाने साफ केली तरच ते तग धरतं. डिकी इथे मोठं धरण बांधायचं घाटत होतं, त्याच्याच पर्यावरण पाहणीत १९७६ मध्ये ते पुन्हा हाती लागलं! धरण झालं नाही. एका रोपट्याने धरण अडवलं ही गोष्ट सांगायला झकास आहे, पण खर्च आणि लोकांचा विरोधही काही कमी नव्हता. फुलं उन्हाळ्यात येतात, म्हणजे आम्हाला दिसणं शक्यच नव्हतं.

सेव्हन आयलंड्सला तंबू ठोकला. लाकूडतोडीच्या काळात इथे शेती होती. आता नुसती गवताळ मोकळी जागा. काळ्या माश्या चावून चावून हैराण करतात, डोक्यावरून जाळी घ्याच.

शेवटी बिग रॅपिड्स, नदीचा खळाळता उतार. आधी काठावर उतरून वाट हेरली. "मी सांगेन तेव्हाच वल्हं घाल," दादाने बजावलं. पहिल्याच लाटेला माझ्या मांडीवर तळं साचलं. पुढे काय झालं ते सांगायला मी बघत कुठे होतो? दादा ओरडेल तिकडे वल्हं मारत होतो. डिकीच्या पुलाशी पोचलो तेव्हा कनूत घोट्यापर्यंत पाणी होतं आणि दादाचा घसा बसला होता.