एस्टीमच्या रोल केजला ब्रशने रंग

मी घेतलेल्या जुन्या मारुती एस्टीममध्ये रॅलीसाठीचा रोल केज, म्हणजे गाडी उलटली तर आतल्यांना वाचवणारा नळ्यांचा सांगाडा, आधीच वेल्डिंग करून बसवलेला होता. मात्र त्याच्या नळ्यांना प्रायमरचा साधा एक हातही मिळालेला नव्हता आणि कोल्हापूरचा पावसाळा तोंडावर आला होता. वरच्या सांध्यांना सगळीकडून वेल्डिंग करता यावे म्हणून काही कारागीर तळाच्या पत्र्याला भोके पाडून अख्खा सांगाडा थोडा खाली सोडतात आणि त्याच वेळी नळ्यांची छताकडची बाजू रंगवून घेता येते. माझ्या गाडीत ती वेळ निघून गेलेली होती. छत आणि नळी यांच्यामध्ये जेमतेम बोट शिरेल एवढीच फट होती.

स्प्रे गनचा विचार मी सोडून दिला, कारण आत गन पुरेशा अंतरावर धरता येत नाही, निम्मा रंग नळीला चुकवून डॅशबोर्डवर बसतो आणि पीयू (पॉलीयुरेथेन) रंगाच्या हार्डनरमधील आयसोसायनेट हे विषारी रसायन साध्या धुळीच्या मास्कने अडत नाही. म्हणून सिंथेटिक इनॅमल आणि ब्रश. रंग फिकट राखाडी घेतला. काळा केज रुबाबदार दिसतो हे मान्य, पण वेल्डिंगला गेलेली बारीक तडा काळ्यावर सहज नजरेस पडत नाही.

खरा वेळ खाल्ला तो घासकामाने. सीट, बेल्ट, कार्पेट काढले, वायरिंगवर रद्दी पेपर आणि मास्किंग टेप लावला, वेल्डिंगचे उडालेले दाणे छिन्नीने काढले आणि तेलकटपणा थिनरने पुसला. छताकडच्या बाजूसाठी एमरी कापडाची लांब पट्टी फटीतून ओवून, ताक घुसळताना रवीची दोरी ओढतात तशी दोन्ही टोके आलटून पालटून ओढली. तिथेच रंग लावण्यासाठी अर्ध्या इंचाच्या ब्रशची पत्र्याची पकड काटकोनात वाकवली आणि काम तपासायला दाढीचा आरसा वापरला. रेड ऑक्साईड प्रायमरचा इथे एक फायदा होतो: राखाडी रंग पोहोचला नसेल, ती जागा आरशात लाल दिसते.

मागच्या नळ्यांपासून सुरुवात करून ड्रायव्हरच्या दाराकडे सरकत यायचे, एवढा क्रम पाळला की ओल्या रंगाला पाठ लागत नाही. थिनरची ज्वलनशील वाफ हवेपेक्षा जड असल्याने ती तळाशी साचते, आणि आपण तर तळाशीच उताणे पडलेले असतो; त्यामुळे चारही दारे उघडी ठेवून बाहेरून पंख्याने ताजी हवा आत सोडली आणि उजेडाला तापणाऱ्या हॅलोजनऐवजी डोक्याला बांधायचा एलईडी दिवा घेतला. जाड हात दिला की नळीच्या खालच्या अंगाला ओघळ जमतात, म्हणून पातळ हात देऊन थोड्या वेळाने पुन्हा कोरडा ब्रश फिरवला.

इनॅमल हाताला सुकल्यासारखे लागले, तरी आतून कडक व्हायला बरेच दिवस घेते, दमट हवेत तर अधिकच. हेल्मेट आपटू शकेल तिथले पॅडिंग घाईने बांधले, तर पट्ट्या मऊ रंगात रुततात. मी नखाचा ओरखडा उमटेनासा होईपर्यंत थांबलो आणि मगच पॅडिंग चढवले.